लज्जोने दिलेले दागिने

(कचारगडच्या पायथ्याशी, धनेगाव इथे भरलेल्या महिला गटांच्या शिबिरातील भाषण. आदल्या रात्री शिबिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा चित्रपट दाखवण्यात आला होता.)



काल रात्री सिनेमा संपला तेव्हा निम्म्या जणी डोळे पुसत उठल्या, आणि उरलेल्या त्यांना हसत होत्या. मी स्वतः हा सिनेमा किती वेळा पाहिला ते मोजणे सोडून दिले आहे. तेव्हा आता ही ताई उभी राहून त्याला नावे ठेवणार, अशी धास्ती घेऊ नका. आवडलेल्या गोष्टीबद्दलच जरा खोलात बोलता येते. न आवडलेल्या गोष्टीबद्दल आपण फक्त भांडतो.

२० ऑक्टोबर १९९५ ला हा सिनेमा लागला. त्याच्या आदल्या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ येऊन गेला होता. १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले, बाजार खुला झाला, आणि परदेशात राहणारी आपली माणसे हिंदी सिनेमाला एकदम जवळची वाटू लागली. त्यांच्याकडे पैसा होता आणि देशाची ओढही होती. आदित्य चोप्रांचा हा पहिलाच सिनेमा. मुंबईच्या मराठा मंदिरात डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे हजार आठवडे पूर्ण झाले. हजार आठवडे म्हणजे एक मुलगी जन्मून सज्ञान व्हावी एवढा काळ.

गोष्ट तशी साधी. लंडनमध्ये दुकान चालवणारे बलदेवसिंग, त्यांची बायको लज्जो, दोन मुली. मोठी सिमरन. तिचे लग्न पंजाबातल्या मित्राच्या मुलाशी करायचे, असा शब्द बापाने वीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलेला. लग्नाआधी एक महिना युरोप पाहून येऊ द्या, अशी परवानगी ती मागते. तिथे तिला राज भेटतो. पुढे सगळे कुटुंब पंजाबात लग्नाला येते, राजही तिथे येऊन घरात मिसळतो, आणि शेवटी रेल्वे फलाटावर बाप मुलीचा हात सोडतो. तो हात सुटतो तेव्हाच आपण सगळ्या रडतो.

आता बाप. बलदेवसिंग दुष्ट नाही. परक्या मुलखात पहाटे एकटा उभा राहून कबुतरांना दाणे टाकणारा, गावच्या शेताची आठवण काढणारा माणूस आहे तो. आपण इथे हरवून जाऊ, आपली भाषा, आपली रीत मुलांबरोबर संपेल, ही त्याची भीती खरी आहे. पण त्या भीतीचा सगळा भार तो कुठे टाकतो? दुकानावर टाकत नाही. दुकान लंडनच्या रीतीनेच चालते, गिऱ्हाईक येईल त्याला माल दिला जातो. देश जपायची जबाबदारी सिमरनच्या लग्नावर येऊन पडते.

हे फक्त आपल्याकडचे नव्हे. २००२ साली अमेरिकेत ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ नावाचा एक विनोदी सिनेमा आला. शिकागोत राहणारे ग्रीक कुटुंब, तीस वर्षांची लग्न न झालेली मुलगी, आणि जगातला प्रत्येक शब्द ग्रीकच आहे असे सांगणारा बाप. निया वर्दालोस हिने तो लिहिला आणि मुलीचे कामही तिनेच केले. त्यात मुलीला शिकायचे असते, मावशीच्या कचेरीत काम करायचे असते. आई आणि मावशी मिळून बापाशी अशा बोलतात की ही कल्पना आपलीच, असे त्याला वाटावे. लोक पोट धरून हसतात. मीही हसले. पण माझ्या मनात येत राहिले की हा कावा करण्यात त्या बायांची किती अक्कल आणि किती आयुष्य खर्ची पडले असेल! आपल्याकडे तर प्रत्येक घरात हे चालते. ‘तुमच्या बाबांनाच सुचलं म्हणा,’ हे वाक्य ऐकले नाही अशी बाई इथे असेल तर तिने हात वर करावा.

(कुणीही हात वर केला नाही. हशा.)

पण मला आज बोलायचे आहे ते लज्जोबद्दल. काल राज आणि सिमरनच्या गडबडीत ती जरा मागे राहिली. फरीदा जलाल यांनी तिचे काम केले आहे. दोन प्रसंग आठवा. पहिला पंजाबातला. लज्जो मुलीजवळ येऊन बसते आणि आपल्या आयुष्याची हकीकत सांगते. भावांच्या शिक्षणासाठी तिचे शिक्षण थांबले. मुलगी, बहीण, बायको, प्रत्येक नात्यात तिनेच सोडत जायचे ठरलेले. सिमरन जन्मली तेव्हा तिने मनाशी ठरवले होते की हिच्या वाट्याला हे येऊ देणार नाही. एवढे सांगून झाल्यावर ती मुलीकडे काय मागते? तूही सोड, असेच मागते. पंचवीस वर्षांच्या हिंदी सिनेमात बाईच्या आयुष्याचे इतके स्वच्छ निदान क्वचितच कुणी केले असेल, आणि औषध म्हणून पुन्हा तोच आजार दिला!

दुसरा प्रसंगही पंजाबातलाच. राज कोण आहे हे लज्जोला कळते. तेव्हा ती रडत बसत नाही, उपदेशही करत नाही. आपले दागिने आणून त्यांच्या हातात ठेवते आणि सांगते, निघून जा. ज्या बाईने जन्मभर कुणाच्या तरी मागे चालायचे काम केले, तिने त्या घरात स्वतःच्या अकलेने घेतलेला हा एकच मोठा निर्णय. आणि दागिने म्हणजे तिच्या नावावर असलेली एकमेव मालमत्ता. शेत नवऱ्याचे, दुकान नवऱ्याचे. तिने आपले होते नव्हते ते सगळे पणाला लावले.

राज ते दागिने परत करतो. मी मुलीला पळवून नेणार नाही, तिच्या बापाच्या हातूनच नेईन, असे म्हणतो. त्याच्या या थोरपणावर आपण टाळ्या वाजवतो. पण क्षणभर लज्जोच्या जागी उभे राहून बघा. मुलीची आई म्हणते आहे, जा. मुलगी म्हणते आहे, जाऊ या. घरातल्या दोन बायांचे एकमत झाले आहे. आणि एक चांगला, प्रेमळ, हसरा तरुण सांगतो, तुमच्या दोघींच्या होकाराला अर्थ नाही, मला तिसऱ्याचा हवा आहे. वाईट माणसाने बाईचे म्हणणे उडवून लावले तर आपल्याला लगेच कळते. चांगल्या माणसाने उडवले की आपण त्याला संस्कार म्हणतो.

सिनेमाने आणखी एक सोय करून ठेवली आहे. ठरलेला नवरा, तो कुलजीत, बंदूक घेऊन शिकार करत फिरणारा, उर्मट. त्याच्याशी लग्न नको हे लहान पोरालाही पटेल. समजा कुलजीत सभ्य असता, शिकलेला, निर्व्यसनी? मग सिमरनच्या ‘नको’ला काय किंमत राहिली असती? आपल्याकडे येणारी प्रकरणे बहुतेक अशीच असतात. ‘मुलगा चांगला आहे, मग हिला काय झालं?’ हा प्रश्न मी जेवढ्या वेळा ऐकला तेवढ्या वेळा हुंड्याचे नावही ऐकले नसेल. नको म्हणायला समोरचा वाईटच असावा लागतो का?

आणि बापाचा हात सुटला नाही तर? त्याचे उत्तर २०१६ साली आपल्या मराठीत नागराज मंजुळे यांनी दिले. ‘सैराट’चा पहिला अर्धा भाग याच सिनेमासारखा गोड आहे, गाणी आहेत, चेष्टामस्करी आहे. शेवट तुम्हाला माहीत आहे. त्या शेवटातली एक गोष्ट मात्र फार जणींच्या लक्षात राहत नाही. आर्ची आईला फोन करते. त्यानंतर भाऊ आणि नातलग दारात येतात ते माहेरच्या भेटवस्तू घेऊन. ती त्यांना आत घेते, चहा ठेवते. आईच्या मायेची वाटच मारेकऱ्यांनी वापरली. एका सिनेमात आईने दिलेले परत गेले, दुसऱ्यात आईच्या नावाने आलेले जिवावर उठले. आईची इच्छा दोन्हीकडे दुसऱ्याच कुणाच्या हातात गेली.

आता सिनेमा बाजूला ठेवून आपल्या भागात येऊ या. एका मायची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही, तुम्हीही अंदाज लावत बसू नका. तिची मुलगी कामासाठी नागपूरला गेली होती. तिथे एका मुलाशी तिचे जुळले. मुलगा आदिवासी नव्हता. इकडे मुलीचे लग्न मायच्या भावाच्या मुलाशी ठरलेले, तेही कधी ठरले तर मुलगी पाळण्यात होती तेव्हा. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एका घरातून मुलगी दुसऱ्या घरात गेली की पुढच्या पिढीत त्या घरातली मुलगी परत यावी. याला दूध परत करणे म्हणतात. शब्द किती गोड आहे! पण त्यात मुलगी ही उसनवारीची वस्तू झाली. बलदेवसिंगाने मित्राला दिलेला शब्द आणि हे दूध, यात मला फारसा फरक दिसत नाही.

या मायने तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे डब्यात ठेवले होते. ते, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती मुलीबरोबर आमच्याकडे आली. म्हणाली, ‘हिचं करून द्या, माझं मी पाहून घेईन.’ मुलगी एकोणीस वर्षांची होती. मुलगा बावीसचा. आम्ही कागद पाहिले, दोघांशी वेगवेगळे बोललो, आणि लग्न रीतसर नोंदवले गेले. त्या दोघांचे आज बरे चालले आहे. लहान मूल आहे.

पण ‘माझं मी पाहून घेईन’ म्हणाली होती तिचे काय झाले? नवऱ्याने दीड वर्ष तिच्याशी शब्द बोलला नाही, हात मात्र उचलला. जातीच्या बैठकीत दंड बसला आणि वर जेवण द्यायला लावले. ते पैसे नवऱ्याने दिले नाहीत, तिने मजुरी करून फेडले. सगळ्यात जड गेले ते भावाचे. दिलेला शब्द तिच्या माहेराला दिलेला होता. राखीला ती भावाच्या दारात उभी राहिली आणि दार उघडले नाही. मुलीला घर मिळाले, मायची दोन्ही घरे गेली.

लज्जोने दिलेले दागिने राजने घेतले असते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हवेलीत लज्जोचे काय झाले असते? हा प्रश्न सिनेमाला पडूच नये म्हणून राज दागिने परत करतो, असे मला आता वाटते. आपल्या चळवळीतही आपण पळून आलेल्या मुलीची काळजी घेतो, आणि घेतलीच पाहिजे. पण मागे राहिलेल्या बाईकडे कोण बघते? तिला आपण ‘समजूतदार आई’ म्हणतो, अंकात एक ओळ लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

ज्या जागी आपण बसलो आहोत तिची कथा तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. काली कंकालीची तेहतीस मुले इथल्या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर शिळा लावली गेली. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण एवढे सगळेच सांगतात की माय बाहेर तळमळत होती आणि एकट्या मायच्याने ती शिळा हलली नाही. पहांदी पारी कुपार लिंगो आले, जंगो रायताड आली, हिरासुका पाटालीरने वाद्य वाजवले, तेव्हा ती सरकली. हिरासुकाचा जीव त्याच शिळेखाली गेला, म्हणून माघ पौर्णिमेच्या यात्रेत त्याचेही नाव घेतात. मायच्या मदतीला जायचे म्हणजे काही तरी किंमत द्यावी लागते, हे या डोंगराला माहीत आहे.

इथे काही जणींच्या मनात शंका आहे, सकाळी चहाच्या वेळी एका मावशींनी ती बोलूनही दाखवली. ‘ताई, तुम्ही म्हणता मुलीची मर्जी. पण बाहेरचे लोक आदिवासी मुलीशी लग्न करतात आणि मग तिच्या नावावर जमीन घेतात, राखीव जागेवर तिला उभी करून कारभार स्वतः करतात. याचं काय?’ हा प्रश्न खोटा नाही. असे घडते. १९७४ पासून आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून राज्यात कायदा कडक झाला, तरी पळवाटा शोधणारे शोधतात. पण एक लक्षात घ्या. जमात जन्माने ठरते. बिगर-आदिवासीशी लग्न केले म्हणून मुलगी आदिवासी राहत नाही, असे नाही. आणि जमीन वाचवायची तर व्यवहारावर पहारा ठेवा, सात-बारा तपासा, ग्रामसभेत विचारा. मुलीच्या पायात साखळी घालून सात-बारा सुरक्षित होत नाही. शिवाय ज्या जमिनीसाठी एवढी काळजी, तिच्यात मुलीचे नाव तरी आहे का? हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी चालते, आणि रूढीच्या नावाने मुलीला वगळले जाते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितले की मुलीला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसताना फक्त बाई म्हणून तिच्या वारसांना वगळणे समानतेच्या विरुद्ध आहे. निकाल शेजारच्या राज्यातल्या तुमच्यासारख्याच घरातला आहे. लज्जोकडे दागिन्यांच्या जोडीला दोन एकर असते तर तिला पळून जा म्हणावे लागले नसते, इथेच राहा म्हणता आले असते.

रूढीबद्दल आणखी थोडे. ‘आपली रीत’ म्हणून आज जे सांगितले जाते ते किती जुने आहे हेही एकदा म्हाताऱ्या बायांना विचारा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जमातींवर लिहिले, तेव्हा हा भाग त्याच प्रांतात होता. त्यात गोंडांमध्ये मुलाकडून मुलीच्या घरी द्यावयाचे देज आहे, ते देता येत नसेल तर सासऱ्याच्या घरी राबणारा लमसेना आहे, नवरीकडची माणसे वरात घेऊन नवऱ्याच्या घरी जातात असे आहे. आणि स्वतःच्या मर्जीने एखाद्याच्या घरात जाऊन राहणारी पैठू बाईही आहे. म्हणजे आपल्या पायांनी चालत जाणारी मुलगी ही काही लंडनहून आलेली नाही. देज घेणे म्हणजे बाईची किंमत लावणेच, मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण आता देज जाऊन मोटारसायकल मागणारा नवरदेव आला, डीजे आला, ‘संगीत’ आणि मेंदीचे वेगळे कार्यक्रम आले, कर्ज आले. हे सगळे याच सिनेमांनी शिकवले. ते घेताना कुणी रीत मोडली म्हणून बैठक बसवली नाही. पैठू मात्र रीतीबाहेर गेली.

शेवटी कामाचे बोलते, कारण जेवणानंतर तुम्हाला गटांत बसायचे आहे.

मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने त्यांना लग्न करता येते. एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे लागते. नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते आणि तीस दिवस आक्षेपासाठी असतात. या तीस दिवसांतच बातमी घरी पोचते, म्हणून हेच दिवस सगळ्यात धोक्याचे. आईबापांची नाराजी हे आक्षेपाचे कारण होऊ शकत नाही. वय, आधीचे लग्न, मनाची संमती देण्याची क्षमता, निषिद्ध नाते, एवढ्याच गोष्टी बघतात. साक्षीदार तीन लागतात. आपल्या गटातल्या तीन बायांनी साक्षीला जायची तयारी ठेवावी, पुरुषच शोधत बसू नये.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात सांगितले की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराची किंवा जातीच्या पंचायतीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असेही सांगितले. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कुठल्या खोलीत बसतो, तिथे फोन कोण उचलते, हे आधी जाऊन बघून या. गरज पडली त्या रात्री शोधायला निघू नका. सखी केंद्राचा पत्ताही असाच पाहून ठेवा.

दंड आणि वाळीत टाकणे यासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तक्रार गावात राहणाऱ्या बाईने एकटीने करायची म्हटले तर ती करणार नाही. म्हणून माझा आग्रह असा, की बैठक बसणार असे कळले की आपल्या गटाच्या दहा-बारा बायांनी आधीच जाऊन तिथे बसावे. काही बोलायची गरज नाही. नुसते बसावे आणि वहीत कोण काय बोलले ते लिहावे. वही बघितली की आवाज खाली येतात, हा आमचा अनुभव आहे.

आणि मागे राहिलेली माय. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तिलाही आहे, मुलीसाठी गेलात त्याच संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासाठीही जा. नवरा तिला राहत्या घरातून हाकलू शकत नाही. पहिले तीन महिने गटातल्या कुणी ना कुणी रोज तिच्या अंगणात डोकावले पाहिजे, पाण्याच्या निमित्ताने, विळा मागायच्या निमित्ताने, कशाही निमित्ताने. गटाच्या बचतीतून तिच्या नावाने थोडे वेगळे ठेवता येईल का, यावर सालेकसा आणि देवरीकडच्या गटांनी आज आकड्यांसह बोलावे. आमगावच्या गटाने अशी रक्कम ठेवायची की नाही यावर काल वाद घातला होता, त्यांनी दोन्ही बाजू सगळ्यांसमोर मांडाव्या. वह्या आणि पेन मागच्या टेबलावर आहेत.